लाल माशाची कुळकथा

चितेगावाहून पैठणच्या वाटेने गेल्यास नाथसागर लागतो. १९५२ साली भारतात आलेली चिलापी आपण मासळीबाजारात पाहतोच. काचपेटीतला लालभडक ‘पोपट’ मासा तिचाच दूरचा सगोत्री. मात्र तो १९८० नंतरच्या दशकात तैवानात माणसाने मध्य अमेरिकी जातींच्या संकरातून घडविला. पिले करडी असतात. पुढे काळ्या रंगपेशी झडल्या की आतला नारिंगी-तांबडा रंग उजळतो. त्याचे रंगद्रव्य मात्र आहारातूनच मिळावे लागते.

रंग साधला, तोंड बिघडले! ते नीट मिटत नाही. बिचारा घशातल्या दातांनीच खाणे चिरडतो. नर बहुधा निर्बीज, म्हणून पुन्हा पुन्हा मूळ जातींचाच संकर करावा लागतो. आम्हांस हा सौदा महाग वाटतो. कोणी मासा आणलाच असेल, तर त्याला बुडणारे बारीक दाणे घालावेत, आणि शेजारी हावरे मासे ठेवू नयेत.