तोतया सूर आणि दारावरची गाळणी

कारखान्यात उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. लेथचा चार जबड्यांचा चक थांबलेला दिसला म्हणून मी फडकं घेऊन हात पुढे केला, आणि फोरमननी मनगट धरून मला मागे ओढलं. चक मिनिटाला 1500 फेरे घेत होता. गोंगाटात त्याचा आवाज वेगळा कळत नव्हता.

डोक्यावरची चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. चक सेकंदाला 25 फेरे घेत होता, म्हणजे दोन उजेडांमध्ये बरोबर पाव फेरा. तेवढ्यात एका जबड्याच्या जागी पुढचा येतो आणि डोळ्याला चित्र तेच दिसतं. “म्हणून तर मशिनवर तीन ट्यूब तीन वेगळ्या फेजवर लावतात, बाळा. एक मंदावते तेव्हा दुसरी उजळते,” फोरमन म्हणाले. त्या दिवशी तिन्हींपैकी दोन गेल्या होत्या.

पुढे ध्वनिमुद्रणाचा नाद लागला तेव्हा तोच चक पुन्हा भेटला. डिजिटल यंत्र आवाज सलग ऐकत नाही, ठरावीक क्षणांना त्याचे नमुने घेतं. सेकंदाला 8,000 नमुने घेतले आणि 5,000 हर्ट्‌झचा सूर आला, तर 3,000 हर्ट्‌झच्या सुराचे असतील तसेच आकडे कागदावर उतरतात. इंग्रजीत याला एलियसिंग म्हणतात, मी तोतया सूर म्हणतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. माणसांना विचारून, पारखून त्याचं सोंग उघडं पाडता आलं आणि 1776 साली त्याचा शेवट झाला. सुरांच्या तोतयाची अशी पारख होत नाही. नमुने घेऊन झाले की खरा आणि तोतया यांच्या आकड्यांत काही फरकच उरत नाही.

सिद्धान्त थोडक्यात सांगतो. नायक्विस्ट (1928), कोटेलनिकोव्ह (1933) आणि शॅनन (1949) यांच्या कामातून नियम पक्का झाला: सर्वांत उंच सुराच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने हवेत. नमुन्यांच्या आकड्याच्या निम्म्यावरचं जे काही असेल ते घडी पडून खाली येतं.

म्हणून गाळणी लागते, आणि ती दारावरच लागते. नमुने घेण्याआधी. आयुष्यभर माझं मन रमलं ते या दारावरच्या गाळणीत.

सीडीचंच बघा. सेकंदाला 44,100 नमुने, हा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. अमेरिकी पद्धतीत 245 रेषा, रेषेला 3 नमुने, सेकंदाला 60 फील्ड. युरोपीय पद्धतीत 294 रेषा, 3 नमुने, 50 फील्ड. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर 44,100 येतं! माणसाचा कान 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि नमुन्यांची निम्मी मर्यादा 22,050. तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत गाळणीला सगळं तोडायचं असतं. घाटाचा उतार चालत नाही, सह्याद्रीचा ताशीव कडाच हवा. जुन्या ॲनालॉग गाळण्यांना असा कडा उभारताना वरच्या सुरांची वेळ थोडी विस्कटावी लागे.

यावरची तोड मला फार देखणी वाटते. आधी 64 पट नमुने घ्यायचे, सेकंदाला 28,22,400. आता मर्यादा इतकी दूर जाते की दारावर साधी, निवांत उताराची गाळणी पुरते. मग ताशीव कडा आकड्यांच्या गणितात उभारायचा, आणि त्यानंतरच 64तला एक नमुना ठेवायचा.

कॅमेऱ्यातही हेच घडतं. बारीक रेघांची साडी टीव्हीवर लाटा मारते, कारण रेघा सेन्सरच्या ठिपक्यांपेक्षा दाट होतात. त्यासाठी सेन्सरपुढे क्वार्ट्‌झ किंवा लिथियम नायोबेटचा पातळ थर बसवून चित्र किंचित पुसट करतात. पेंटॅक्स के-3 मध्ये (2013) थर नव्हता. हवं तेव्हा सेन्सरच अगदी सूक्ष्म हलवून तेच काम साधायची सोय होती. जास्त बारकावा मिळावा म्हणून आता बरेच कॅमेरे ही गाळणी वगळतात. मला ते पटत नाही. खोट्या रेघेपेक्षा पुसट रेघ बरी.

हे मत बनलं घरच्या तंबोऱ्यावर. मी त्याचं ध्वनिमुद्रण केलं आणि गाळणी न लावता दर चौथाच नमुना ठेवला. उरले सेकंदाला 11,025. जवारीतले साडेपाच हजारांवरचे सूर घडी पडून खाली आले आणि आवाजाला पत्र्याची झाक आली. मुद्रणात एके ठिकाणी मी मणी सरकवून तार किंचित चढवली होती. तिथे खरे सूर वर चढले आणि तोतये खाली उतरले! 6,000चा सूर 6,100 झाला, तर त्याचा तोतया 5,025वरून 4,925वर.

मग आधी गाळणी लावून तोच खटाटोप पुन्हा केला. जवारीची वरची चमक गेली, तंबोरा थोडा दूरच्या खोलीत वाजतोय असं वाटलं. पण मणी सरकला आणि तार चढली, तेव्हा तिच्याबरोबर सगळे सूर चढले.