संगणकाचा वेग आणि विजेचा हिशेब

संगणक हळू चालतो, ही तक्रार आता गावोगावच्या शाळांतून ऐकू येते. लोकवर्गणीतून एखाददुसरा संगणक घेतलेला असतो, त्याला चार-पाच वर्षे होतात, आणि मग सुटीत गावी आलेला एखादा माजी विद्यार्थी म्हणतो, "गुरुजी, नवा घ्यायला नको. ह्याचाच वेग वाढवून देतो." ह्या वेग वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते करता येते; त्यात लबाडी नाही आणि जादूही नाही. पण हा वेग फुकट मिळत नाही. त्याची किंमत विजेत आणि उष्णतेत मोजावी लागते. ती किती, हे आधी कळले म्हणजे त्या मुलाला हो म्हणायचे की नाही, हे तुमचे तुम्हांला ठरवता येईल.

प्रथम वेग म्हणजे काय ते पाहू. संगणकातील सर्व आकडेमोड प्रोसेसर नावाच्या सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर होते. त्यावर कोट्यवधी सूक्ष्म बटणे असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. ही सगळी बटणे एका ठेक्यावर चालतात. शाळेच्या मैदानावर हलगीच्या ठेक्यावर शंभर मुलांची लेझीम चालते, तसाच हा प्रकार. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ ह्या प्रोसेसरचा ठेका सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोक्यांचा होता. आजचा ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ४ अब्ज ठोक्यांवर चालतो.

हलगी जलद वाजवली की खेळ जलद होतो. पण किती जलद वाजवणार? एखाद्या मुलाचे पाऊल पुरते पडण्याआधीच पुढचा ठोका आला, की तिथे रांग मोडते. प्रोसेसरचेही असेच आहे. म्हणून कारखानदार ठेका ठरवताना थोडी सूट हाताशी ठेवतो, कारण सगळे प्रोसेसर सारखे उतरत नाहीत, आणि ते थंडीत चालले तसे उन्हाळ्यातही चालले पाहिजेत. वेग वाढवणारे लोक ही सूट वापरतात. ह्याचे गाजलेले उदाहरण १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए ह्या स्वस्त प्रोसेसरचे. मदरबोर्डाचा ६६ मेगाहर्ट्झचा ठेका साडेचारपट करून तो ३०० मेगाहर्ट्झवर चाले. लोकांनी मदरबोर्डाचा ठेका १०० केला, आणि साडेचारपटीने ४५० मेगाहर्ट्झ मिळाले. दीडपट वेग, आणि पैसे तेवढेच!

मग आजही तसे का करू नये? एक तर आजचे प्रोसेसर काम पडताच आपला ठेका आपणच वाढवतात, त्यामुळे शिल्लक सूट थोडी उरते. आणि दुसरे कारण विजेचे. ते नीट समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक चिमुकले भांडे समजा. प्रत्येक ठोक्याला अशी असंख्य भांडी विजेने भरायची आणि रिती करायची. ठेका वाढला, तर भांडी लवकर भरली पाहिजेत. आणि लवकर भरायची, तर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो. दाब दुप्पट केला तर भांड्यात वीज दुप्पट मावते, आणि ती दुप्पट दाबाने भरावी लागते. म्हणजे खर्च चौपट. म्हणून विजेचा खर्च ठेक्याच्या पटीत वाढतो, पण दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हा हिशेब शिक्षकांनी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. समजा, एक प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झवर १.२ व्होल्टने चालतो आणि १०० वॅट खातो. ठेका ४.४ केला, आणि त्यासाठी दाब १.३२ करावा लागला. दोन्ही वाढी दहा टक्क्यांच्याच. पण खर्च १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट झाला. वेग दहा टक्के वाढला आणि वीज तेहतीस टक्के! आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मोठमोठ्या कंपन्यांनाही हाच हिशेब आडवा आला. पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला. पुढे ठेका ताणण्याऐवजी एका तुकड्यावर दोन, चार, आठ गाभे बसवण्याकडे सारे वळले.

आता ही वीज येते कोठून? भिंतीतून २३० व्होल्ट येतात. संगणकातील एसएमपीएस नावाची पेटी त्यांचे मुख्यतः १२ व्होल्ट करते, आणि मदरबोर्डावरील मंडल १२ चे सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देते. दाब उतरला की प्रवाह वाढतो. आपल्या उदाहरणातले १३३ वॅट १.३२ व्होल्टने द्यायचे, तर सुमारे १०० अँपिअर लागतात. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात साधारण तीन मिलिमीटरची कांडी जाळायला जवळपास एवढाच प्रवाह लागतो, बरं का! एवढा प्रवाह मदरबोर्डावरच्या नखाएवढ्या भागांतून जातो. म्हणून हलक्या मदरबोर्डावर हा प्रयोग करू नये.

एसएमपीएस विकत घेताना पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा पाहून भागत नाही. बाजूच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत, ते वाचा आणि बाराने गुणा. समजा, पेटीवर ४५० वॅट लिहिले आहे, पण १२ व्होल्टखाली १६ अँपिअर आहेत. सोळा बारे एकशे ब्याण्णव. प्रोसेसरच्या कामाला येणारी खरी ताकद एवढीच. आता गरज मोजा. प्रोसेसर १३३, साधे ग्राफिक्स कार्ड ७५, बाकीचे भाग आणि पंखे मिळून ५० धरा. बेरीज २५८ वॅट. त्यातला बहुतेक भार १२ व्होल्टवरच पडतो. १९२ वॅटची पेटी तो उचलणार नाही. उचलायला गेली तर दाब खचेल, संगणक मध्येच बंद पडेल, आणि हलकी पेटी जळताना इतर भागही सोबत नेते. गरजेच्या दीडपट ताकदीची आणि '८० प्लस'ची खूण असलेली पेटी घ्यावी. खूण खरी असेल, तर घेतलेल्या विजेपैकी साधारण ऐंशी टक्के किंवा अधिक वीज कामी लागते.

यूपीएसचाही विचार करा. २५८ वॅट द्यायला ऐंशी टक्क्यांची पेटी भिंतीतून ३२२ वॅट घेते. पडद्याचे २५ मिळवा, की झाले ३४७. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. म्हणजे वीज गेल्याबरोबर तोही मान टाकण्याच्या बेताला आला. गावात तर मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो, आणि दाब उतरला की तेवढ्याच कामासाठी पेटी भिंतीतून जास्त प्रवाह ओढते. म्हणून सैल प्लग आणि बारीक वायर चालणार नाही. तीन पायांच्या प्लगचा अर्थिंगचा पाय कापू नये, आणि शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. आणखी एक गोष्ट मुलांना बजावून सांगा: एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. तिच्या आत तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

आता उष्णता. पंख्याचा थंडावा खोलीच्या हवेवर अवलंबून असतो. समजा, पूर्ण कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी तापतो. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना तो ७५ वर राहील. पण मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला खोलीच ४५ अंशांवर गेली, की तो ९५ वर पोचेल. पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःला वाचवण्यासाठी ठेका आपोआप कमी करतात. म्हणजे वाढवलेला वेग उन्हाळ्यात परत गेला, आणि विजेचे बिल मात्र राहिले.

एवढे ऐकूनही कोणाला हौस असेल, तर त्याने ती स्वतःच्या संगणकावर, रीतीने करावी. लॅपटॉपवर करू नये. प्रोसेसर त्या जातीचा आहे का ते पाहावे. इंटेलचे बहुधा नावाच्या शेवटी 'के' असलेले आणि एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर हा बदल करू देतात. सर्व कामाची दुसरी प्रत काढून ठेवावी. पंखे आणि जाळ्या झाडून घ्याव्यात. मूळ वेगावर तापमान किती जाते, ते लिहून ठेवावे. मग एकेका पायरीने, एका वेळी १०० मेगाहर्ट्झ, ठेका वाढवावा आणि प्रत्येक पायरीला तासभर तरी कसून परीक्षा घ्यावी. प्राइम९५ ही प्रणाली ह्यासाठी वापरतात. ती प्रचंड आकडेमोड करून उत्तरे आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. चूक निघाली, की एक पायरी खाली यावे. दाब वाढवायचाच, तर व्होल्टच्या शंभराव्या भागाने वाढवावा आणि तापमान ८५ च्या वर जाऊ देऊ नये. अशा प्रयोगात झालेले नुकसान हमीत सहसा बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तरे ताडून पाहण्यावर एवढा भर का? कारण ताणलेला संगणक दर वेळी बंद पडतोच असे नाही. कधी कधी तो चालत राहतो आणि चुकीचे उत्तर देतो. मुलांच्या गुणांची बेरीज त्यावर होत असेल, तर ही चूक कोणाच्या लक्षात येणार? आणि जादा दाबाने होणारी झीज सावकाश होते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर वापरणाऱ्याने हात न लावताही अस्थिर होऊ लागले. दाब वाजवीपेक्षा जास्त जात होता, हे कंपनीने २०२४ साली मान्य केले आणि त्यावर सुधारणा काढली. करणाऱ्यांच्या हातूनही जे निसटते, तिथे आपण जपूनच असावे.

शाळेच्या संगणकापुरते बोलायचे, तर तो हळू चालण्याचे कारण बहुधा प्रोसेसर नसतो. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम हे कारण असते. डिस्क बदलून एसएसडी बसवा, रॅम वाढवा. जो फरक पडेल, तो दहा टक्के वेगाने पडणार नाही.

आणि तोच हिशेब उलटा करून पाहा. ठेका दहा टक्क्यांनी आणि दाब दहा टक्क्यांनी कमी केला, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. दहा टक्के वेग सोडला, तर प्रोसेसरची सत्तावीस टक्के वीज वाचते. जिथे संगणक इन्व्हर्टरवर किंवा सौर पॅनेलवर चालतो, तिथे तो तेवढा थंड राहील आणि वीज नसतानाही जास्त वेळ टिकेल. त्या माजी विद्यार्थ्याला नाही म्हणू नका. त्याला आधी फळ्यापाशी बोलवा, हे दोन्ही हिशेब मुलांसमोर करायला सांगा, आणि मग कोणता करायचा ते सर्वांनी मिळून ठरवा.