हातापायाला खाज? रबराकडेही बघा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांमधून रोज सकाळी शेकडो माणसे रबर अंगावर चढवून कामाला निघतात. सफाई कामगारांचे गमबूट, कारखान्यातले हातमोजे, गॅरेजमधले टायर आणि आपली रोजची काळी चप्पल. रबर हवेने तडकू नये म्हणून त्यात रसायने घालतात. आयपीपीडी आणि सिक्स-पीपीडी ही त्यांतली दोन.

ही रसायने हळूहळू रबराच्या पृष्ठभागावर येतात आणि घामेजलेल्या कातडीला लागतात. काहींना त्यांची ॲलर्जी होते. खाज, पुरळ, फोड येतात, भेगा पडतात. खूण सोपी आहे. चप्पलच्या पट्ट्याखाली, बुटाच्या कडेपर्यंत किंवा मनगटापर्यंतच त्रास असतो. सुट्टीत कमी होतो, कामावर गेले की पुन्हा उठतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आपण मात्र नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतो. अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण खरोखर नायटा असेल तर तो आणखी पसरतो. म्हणून आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जाता येईल. जाताना हातमोजे, चप्पल सोबत न्या, काम कोणते करता ते सांगा. पाठीवर रसायनांच्या पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, त्यातून नेमके कारण कळते.

गमबूट टाकून अनवाणी गटारात उतरू नका. लेप्टोचा धोका त्याहून मोठा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मुकादमाकडे किंवा ठेकेदाराकडे पीव्हीसीचे बूट, हातमोजे मागा. ती मेहेरबानी नाही, कामगाराचा हक्क आहे.

हेच रसायन टायर झिजून रस्त्याच्या धुळीतही मिसळते. हवेतल्या ओझोनने सिक्स-पीपीडीचे दुसरेच विषारी रसायन बनते. पावसाच्या पाण्यातून ओढ्यात गेलेल्या या विषाने कोहो सॅमन मासे मरतात, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले. आपल्या रस्त्यांवरची धूळही नाल्यांतून उल्हास नदीत आणि खाडीत जाते. माणसावर याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालू आहे. टायरच्या धुराबद्दल मात्र शंका नाही, तो छातीला घातकच. थंडीत शेकोटीला टायर जाळू नका, लेकरांना त्या धुरात बसवू नका. छपरावरच्या जुन्या टायरात पाणी साचून डेंग्यूचे डासही होतात. ते टायर आधी खाली उतरवा.