तवशाचें धोंडस

नाशिक म्हटलें कीं गोदावरी, द्राक्षें आणि चिवडा हीं तीन नांवें सहज तोंडीं येतात. आज मी ज्या गोड पदार्थाविषयीं बोलणार आहें, त्याचा या तिहींशीं कांहीं संबंध नाहीं. तो कोंकणांतला आहे, आणि माझ्या आजीबरोबर घाट चढून नाशकास आला. त्याचें नांव धोंडस. कोणी त्याला तवसाळी किंवा तवसळी असेंहि म्हणतात. मोठ्या, जून काकडीचा म्हणजे तवशाचा कीस, तांदळाचा जाडसर रवा, गूळ आणि ओलें खोबरें एकत्र शिजवून, मग वर-खालीं निखारे ठेवून भाजलेला हा आपला देशी केकच होय. काकडीला आपण भाजींत काढतों. परंतु फुलापासून तयार होणारें व पोटांत बिया बाळगणारें तें फळ आहे, असें वनस्पतिशास्त्र सांगतें. तेव्हां धोंडसाला फळाचें पक्वान्न म्हणावयास हरकत नसावी.

माझी आजी १९५१ सालीं लग्न होऊन राजापुराकडून नाशकास आली. बोटीनें मुंबई, आणि तेथून थळ घाट चढणारी आगगाडी, असा तो प्रवास. येथें आल्यावर तिनें भांडी-बाजारांतून जाड बुडाचें एक तांब्याचें पातेलें घेतलें, त्याला कल्हई करविली, आणि दर वर्षीं भाद्रपदांत त्या पातेल्यांत धोंडस होऊं लागलें. तांदूळ इगतपुरीकडचा, नारळ कोंकणांतून कोणी येणारा असेल त्याच्या हातीं आणविलेला, आणि तवशाच्या जागीं त्र्यंबकच्या बाजूनें येणाऱ्या बायकांकडची गांवठी मोठी काकडी. मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें कांहीं कमी नाहींत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालचें. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० सालीं आली आणि वाटी-चमच्याच्या मापानें तिनें नव्या गृहिणींना धीर दिला. आजीला मात्र पुस्तकाची गरज पडली नाहीं, आणि तिच्या हयातींत तिचें पाहून लिहून ठेवण्याची गरज आम्हांलाहि वाटली नाहीं.

२००९ सालच्या उन्हाळ्यांत आजीला अर्धांगाचा झटका आला. तिला समजत सारें असे. पण वाचा गेली आणि उजवा हात निकामी झाला. भाद्रपद आला तेव्हां घरांत कोणालाच धोंडसाचें माप ठाऊक नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आईनें व मीं ठरविलें कीं आपण आठवेल तसें करावयाचें आणि आजीपुढें ठेवावयाचें. मऊ पदार्थ थोडा थोडा देण्यास डॉक्टरांनीं परवानगी दिली होती. पसंत-नापसंत ती डाव्या हातानें सांगेल, एवढाच आमचा आधार होता.

पहिल्या खेपेस धोंडस दिसावयास उत्तम झालें. पण मी चव घेतली आणि तें आजीपर्यंत नेलेंच नाहीं. तें कडू होतें. काकडींत कुकुर्बिटासिन नांवाचें कडू द्रव्य असतें. पाण्याचा ताण पडलेल्या वेलाच्या फळांत तें वाढतें आणि देंठाकडच्या भागांत व सालीखालीं तें अधिक असतें. देंठ कापून चोळल्यानें फेंस येतो; परंतु कडू काकडी त्यानें गोड होत नाहीं, आणि शिजविल्यानेंहि हा कडवटपणा जात नाहीं. म्हणून किसण्यापूर्वीं दोन्ही टोंकांची एकेक चकती चाखून पाहावी. फार कडू असेल ती काकडी टाकूनच द्यावी. तिनें उलटी-जुलाब होण्याचा संभव असतो.

दुसऱ्या खेपेस काकडी चाखून घेतली. पण कीस फार पाणचट वाटला म्हणून आईनें तो पिळला आणि रस ओतून दिला. शिवाय रवा, कीस व गूळ आम्हीं एकदमच चुलीवर चढविले. आजीनें एक घांस घेतला, जिभेवर रव्याचा कण घोळविला आणि ताटली हळूच दूर सारली. चूक कोठें झाली तें पुढें उमगलें. काकडींत शेंकडा सुमारें ९५ भाग पाणीच असतें, आणि रवा शिजावयाचा तो त्याच पाण्यावर. तांदळांतील पिष्ट साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेवर पाणी पिऊन फुगतें. गूळ आधीं पडला तर तो तें पाणी स्वतःकडे धरून ठेवतो आणि कण कच्चे राहतात. साखरभात करतांना भात आधीं शिजवून मग साखर घालतात, त्याचें कारण हेंच. गव्हाच्या कणकेंत चिवट ग्लूटेन असतें. तांदळांत तें नसतें. धोंडसाची वडी एकसंध राहते ती केवळ शिजलेल्या पिष्टाच्या चिकटपणामुळें. म्हणून रवा आधीं पुरता शिजला पाहिजे.

तिसऱ्या खेपेस हें सर्व संभाळलें. मिश्रण छान जमलें; पण आम्हीं पातेलें गॅसच्या शेगडीवर झांकण घालून ठेवलें. बूड करपलें आणि वरची बाजू पांढरट, ओलसर राहिली. आजीनें तुकडा हातीं घेतला, वरच्या बाजूवर बोटानें दोनदां टकटक केलें, आणि मग पंजा पालथा करून ताटलीवर धरला. मी गोंधळलें. आईच्या मात्र लगेच ध्यानांत आलें. ती म्हणाली, "अगं, वरचा विस्तव! सासूबाई झांकणावर निखारे ठेवीत." आजीनें मान डोलविली.

त्या पालथ्या पंजांत या पदार्थाचें सारें मर्म होतें. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. येथें पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें. मिश्रणांत पाणी आहे तोंवर त्याची उष्णता याहून फारशी वाढत नाहीं. तेवढ्यांत पदार्थ शिजतो. पण भाजल्याचा तांबूस रंग आणि खमंग वास येण्यास पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. केवळ खालून आंच दिली तर वाफ झांकणाला लागून पुन्हां थेंबथेंब वर गळते आणि पृष्ठभाग कधींच सुकत नाहीं. झांकणावर निखारे असले कीं झांकण तापतें, थेंब सांचत नाहींत, आणि वरूनहि भाजलें जातें. गोव्यांतील बेबिंक हा थरांचा पदार्थहि परंपरेनें असाच वरच्या विस्तवावर भाजतात.

चौथ्या खेपेस आम्हीं अंगणांत शेगडी पेटविली. खालीं थोडे आणि वर अधिक असे निखारे ठेवले. तासाभरानें घरभर जो वास पसरला तो आमच्या ओळखीचा होता. आजीनें कडेचा खरपूस तुकडा आधीं उचलला, तो संपविला, आणि डावा हात पुन्हां ताटलीकडे नेला. त्या रात्रींच मीं सर्व मापें वहींत उतरून काढलीं. तीं अशीं:

तांदूळ धुऊन, सावलींत वाळवून, जाडसर दळलेला रवा २ वाट्या. सालें व बिया काढून किसलेली काकडी रसासकट ४ वाट्या. चिरलेला गूळ दीड वाटी. ओलें खोबरें १ वाटी. तूप ४ मोठे चमचे. वेलदोड्याची पूड १ लहान चमचा, थोडी सुंठ आणि चिमूटभर मीठ. निम्म्या तुपांत रवा मंद आंचेवर गुलाबी भाजावा. त्यांत कीस व रस घालून झांकण ठेवावें आणि कण बोटानें दाबतां मऊ लागेपर्यंत शिजवावें. पाणी कमी वाटल्यास नारळाचें दूध घालावें. मग गूळ, खोबरें, मीठ व मसाला घालून मिश्रण कडा सोडूं लागेपर्यंत ढवळावें. जाड पातेल्यास उरलेलें तूप लावावें, मिळाल्यास तळाशीं हळदीचें पान घालावें, आणि मिश्रण दोन बोटें जाडीचें थापावें. वर-खालीं निखारे ठेवून पाऊण ते एक तास भाजावें. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटें पुरतात. सुरी घालून पाहावी. ती स्वच्छ निघाली म्हणजे झालें. पुरतें निवाल्यावांचून वड्या पाडूं नयेत, कारण पिष्ट निवतांनाच घट्ट होतें. गूळ ओलावा धरून ठेवीत असल्यामुळें दुसऱ्या दिवशींहि धोंडस मऊ राहतें. मात्र ओलें खोबरें असल्यानें तें फार दिवस ठेवूं नये.

पुढच्या वर्षीं भाद्रपदापूर्वींच आजी गेली. पातेलें आईनें पुन्हां कल्हई करून आणलें आणि त्या वर्षींहि धोंडस झालें. आपल्या घरींहि असा एखादा पदार्थ असेल आणि तो करणारें माणूस "अंदाजानें घालतें" एवढेंच सांगत असेल. त्यांना माप विचारूं नये. तें त्यांना सांगतां येणार नाहीं. शेजारीं वाटी घेऊन बसावें, आणि त्यांनीं मुठींत घेतलेला जिन्नस पातेल्यांत पडण्यापूर्वीं वाटींत मोजून घ्यावा.