ब्रह्मकमळ नशिबाने फुलत नाही

ब्रह्मकमळ भाग्यवंताच्याच घरी फुलतं, असं सर्रास म्हटलं जातं. मग ज्यांच्या कुंडीत कळी धरत नाही, ती माणसं उगाच मनाला लावून घेतात. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

मुळात आपल्या कुंडीतलं झाड हिमालयातलं नाहीच. उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. ते साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरच्या थंडीत वाढतं. इथल्या चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणं शक्य नाही. आपल्याकडचं झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटलम. हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड, आणि कळी निघते ती त्याच्या कडेच्या खाचेतून.

बारा वर्षांतून एकदाच फुलतं, हेही खरं नाही. नीट रुजलेला तुकडा साधारण दोन-तीन वर्षांत फुलावर येतो आणि जुनं झाड एकाच हंगामात अनेकदा बहरतं. एकेक फूल मात्र एका रात्रीचंच.

मग कळी का धरत नाही? दोष बहुतेकदा मातीचा आणि जागेचा असतो. आपली काळी माती कपाशी-सोयाबीनला उत्तम, पण कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. रानात हे झाड मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. म्हणून त्याला जाड वाळू, कुजलेलं शेणखत आणि नारळाचा काथ्या असं मोकळं मिश्रण द्यावं. निवडुंग आहे म्हणून पाणी तोडू नये. वरचा बोटभर थर सुकला की घालावं. युरियाने नुसती हिरवी वाढ होते.

घरात पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. कोवळं ऊन मानवतं, दुपारच्या उन्हाने झाड पिवळं पडतं. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते जगतं, पण सहसा फुलत नाही. कळी दिसल्यावर कौतुकाने कुंडी इकडून तिकडे नेऊ नका, कळ्या गळतात.

आणि तुमचं झाड बहरत असेल, तर वीतभर तुकडा कापून, काही दिवस सावलीत सुकवून शेजारच्या घरी जरूर द्या. पावसाळ्याच्या तोंडाशी लावला की तो सहज रुजतो.