विमा कंपनीचा माणूस दारात येतो तेव्हा

बाजाराचा दिवस होता. एक गवंडी सायकलवरून घरी निघाला. वय चौतीस. मागून भरधाव जीप आली आणि धडक बसली. माणूस जागीच गेला. घरी म्हातारी आई, बायको आणि दोन लहान मुले. महिन्याला नऊ हजार रुपये घरात येत होते, ते एका दिवसात थांबले. अशी गोष्ट कोणत्या गावाने पाहिली नाही?

तेरावे होते न होते तोच दारात एक पाहुणा येतो. हातात पिशवी, बोलणे गोड. "वहिनी, मी विमा कंपनीकडून आलो. पाच लाख मिळतील. कोर्ट नको, वकील नको. इथे सही करा." घरात पीठ संपलेले असते. पाच लाख म्हणजे केवढी मोठी रक्कम वाटते! बाई सही करते.

सही करावी की नाही? ते बघण्याआधी हा पैसा कोणाचा, ते समजून घेऊ.

रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीचा विमा मालकाने उतरवलाच पाहिजे, अशी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची सक्ती आहे. हा विमा 'तिसऱ्या माणसा'साठी असतो. पहिला गाडीचा मालक, दुसरी कंपनी, आणि तिसरा कोण? तर गाडीखाली सापडलेला आपला माणूस. मालकाने आधीच हप्ता भरून ठेवलेला असतो. म्हणजे कंपनी आपल्याला दान देत नाही, देणे देते. हे पक्के ध्यानात ठेवा, म्हणजे बोलताना मान खाली जाणार नाही.

आता पाच लाखांकडे येऊ. कायद्यात खरोखरच अशी सोय आहे. माणूस दगावला तर ५ लाख, जबर जखमी झाला तर अडीच लाख. ही रक्कम घेताना चूक कोणाची, हे दाखवावे लागत नाही. साक्षीदार कोणी नाही, चूक आपल्याच माणसाची दिसते, अशा वेळी ती चांगलीच आहे. पण कायद्याप्रमाणे ती एकदा घेतली, की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. गोम आहे ती इथे.

मोठी भरपाई म्हणजे किती? गवंड्याचाच हिशेब करू. मिळकत महिना ९,०००. वय चाळिशीच्या आत, पुढे मजुरी वाढली असती, म्हणून शेकडा ४० जास्त धरतात. झाले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. माणूस स्वतःवर खर्च करीत होता, म्हणून चौथा हिस्सा वजा. उरले १,१३,४००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. चौतीस वयाला तो आकडा १६ आहे. गुणाकार येतो १८,१४,४०० रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेली ही रीत आहे. मात्र इथे जीपवाल्याची चूक दाखवावी लागते. आपल्या माणसाचीही थोडी चूक निघाली, तर तेवढी रक्कम कमी होते. मिळकतीचा पुरावाही लागतो. मुकादमाची हजेरीवही, बँकेचे पुस्तक, जे असेल ते जपून ठेवा.

तेव्हा पाहुण्याला चहा द्या, पण सही देऊ नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. "काय द्यायचे ते न्यायाधिकरणापुढे लेखी मांडा," असे सांगा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्ह्याच्या कोर्टात असते. रक्कम पटली आणि तिथे तशी नोंद झाली, की कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. पटली नाही, तर दावा पुढे चालतो.

दावा अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे लावता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे. दुःखात दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तारखेला खूण करून ठेवावी. पोलिसांकडून फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल घ्या, दवाखान्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. वकिलाला पैसे नसले, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथे फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

गाडी ठोकर मारून पळाली आणि नंबरही कोणी पाहिला नाही, तर? तरी काही मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि जबर दुखापतीला ५० हजार अशी रक्कम ठरली आहे. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा.

एक गोष्ट मात्र अवघड आहे. लग्नाला जाताना आपण टेंपोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पन्नास माणसे भरतो. माल नेण्याच्या गाडीत असे फुकट बसलेल्यांची जोखीम सक्तीच्या विम्यात येत नाही. ट्रॉली उलटली, तर कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकावर येते. मालक बहुधा आपल्याच भावकीतला असतो.