बाकी शहाऐंशी

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते नावाचं गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचा जन्म इथला, 1896चा. हिशेबात मुरलेल्या माणसाच्या या गावात मे महिन्यात मुंबईहून एखादा भाचा आला आणि मामाच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने ‘सेलेस्ट’ नावाचा गेम लावला, तर त्याच्यापुढचा प्रश्नही भागाकाराचाच असेल.

मोजक्या माणसांनी बनवलेला हा गेम 2018 साली आला. त्याचं मूळ चित्र अवघं 320 बाय 180 ठिपक्यांचं. ते 1920 बाय 1080च्या फुल एचडी पडद्यावर बरोबर सहापट होतं, फोर-केवर बारापट. बाकी शून्य. पण जुन्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुधा 1366 बाय 768चा. चारपट केलं तर 1280 बाय 720 भरतात. रुंदीत 86 आणि उंचीत 48 ठिपके उरतात. अशा ठिपकेदार गेमपुढे मग दोनच वाटा. भोवती काळी चौकट सोडायची, नाहीतर चित्र ताणून बसवायचं. ताणलं की मूळचा एक ठिपका कुठे चार घरं खातो, कुठे पाच. नायिकेचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा दिसू लागतो. ते टाळायला कडा पुसट केल्या, तर सगळंच धुरकट!

अतिरुंद पडद्याचं दुखणं उलटं. गेम 16:9 चौकटीत रचलेला, आणि खेळणाऱ्याकडे 21:9चा मॉनिटर. काही गेम रुंदी कायम राखून वरचा-खालचा भाग छाटतात. काही बाजूचं जास्त दाखवतात, तेव्हा प्रवेशाची वाट पाहत चौकटीबाहेर उभी केलेली पात्रं उघडी पडतात. जत्रेतल्या नाटकात पडदा तोकडा पडावा आणि विंगेत विडी ओढणारा रावण दिसावा, तसं.

अक्षरांची कथा आणखी वेगळी. छोटे निर्माते सर्रास वापरतात त्या युनिटी इंजिनात मेन्यूची मापं मुळात ठिपक्यांतच धरलेली असतात. ती सेटिंग बदलायची राहिली, की फोर-केवर बटणं मुंगीएवढी होतात. निर्मात्याच्या टेबलावर फुल एचडी मॉनिटर असेल, तर त्याला हे दिसणार कसं? मोठ्या कंपनीकडे तपासणीसाठी खोलीभर यंत्रं असतात. इथे चित्रकार, प्रोग्रामर आणि तपासनीस बऱ्याचदा एकच माणूस.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट 2020मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसीवर. मूळ स्विच हातात धरला तर 6.2 इंचांवर 720 ओळी, टीव्हीला जोडला तर 1080पर्यंत. पडदे दोन, पण दोन्ही आधीच माहीत असलेले. पीसीवर तशी सोय नाही. पीसीचे गेम विकणारं स्टीम हे ऑनलाइन दुकान आपल्या ग्राहकांच्या यंत्रांची पाहणी दर महिन्याला जाहीर करतं. त्यात फुल एचडी सर्वांत पुढे असतो, म्हणून छोटे निर्माते तोच धरून चालतात.

चित्र पडद्यावर नीट बसत नसेल, तर नाते गावातल्या त्या भाच्याने आधी गेम खिडकीत चालवून बघावा, मग विंडोजने 125 टक्के मोठं करून ठेवलंय का ते तपासावं. तरीही जमलं नाही, तर स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. काळी चौकट मात्र दहा मिनिटांत डोळ्यांच्या सवयीची होते.